बेलरच्या नॉटरमध्ये गाठ नेमकी बसते कशी? एकाच टोकाला गाठ येतेय

हिरवाचारा

आमच्याकडे गवताचे चौकोनी गठ्ठे बांधणारा बेलर आहे, दोन सुतळ्यांचा, वापरलेला घेतलाय. बाकी मशीनची काही तक्रार नाही पण डावीकडचा नॉटर, म्हणजे सुतळीला गाठ मारणारा भाग, मधूनच दगा देतो. उजवी सुतळी घट्ट असते, डावी मात्र गठ्ठा चेंबरमधून बाहेर आला की सुटते आणि मग सगळा गठ्ठा एका अंगाने फसकतो. सुटलेली सुतळी उचलून बघितली तर एका टोकाला व्यवस्थित गाठ आणि दुसरं टोक एकदम साधं.

ज्याला विचारावं तो म्हणतो पार्ट बदला, पण कुठला आणि का ते कोणी सांगत नाही. मला आधी हे मशीन करतं काय तेच समजून घ्यायचंय. सुतळीचं एक टोक तर डब्यातल्या रिळाला जोडलेलं असतं, म्हणजे मोकळं टोक एकच उरतं, आणि गाठ मारायला तर दोन टोकं लागतात ना? शिवाय सगळं डोळ्याचं पातं लवायच्या आत होऊन जातं, बघायलाही मिळत नाही. आणि हे डोकं पहिल्यांदा चालवलं कोणी, ते माहीत असेल तर तेही सांगा.

पाना_पक्कड

प्रश्न एकदम बरोबर जागी विचारलायत. नॉटर समजला नाही तर माणूस पार्टवर पार्ट बदलत बसतो आणि दोष तिथेच राहतो.

आधी सुतळीचा रस्ता बघा. गठ्ठा सुरू होतो तेव्हा सुतळीचं मोकळं टोक वर नॉटरच्या खाचेच्या चकतीत दाबून धरलेलं असतं. तिथून सुतळी चेंबरमध्ये आडवी खाली उतरते, खाली सुईच्या नेढ्यातून जाते आणि पुढे ताण देणाऱ्या पट्टीतून डब्यातल्या रिळाकडे. प्लंजर गवत ढकलतो तसं ते गवत या उभ्या सुतळीवरच येऊन बसतं आणि रिळातून सुतळी ओढत मागे सरकतं, म्हणजे गठ्ठ्याचं वरचं अंग, पुढचं तोंड आणि खालचं अंग असं तिन्हीकडून वेटोळं आपोआप पडत जातं. वर एक दातेरी चाक गठ्ठ्याला घासत फिरत असतं, ते लांबी मोजतं. ठरलेली लांबी झाली की ते ट्रिप, म्हणजे गाठीचं काम सुरू करणारा खटका, सोडतं आणि तेव्हाच सुई खालून वर येते.

सुई येते ती प्लंजरच्या तोंडाला पाडलेल्या खाचांमधून, म्हणून गवत दाबलेलंच राहतं आणि मधून सुतळी वर जाते. वर येऊन ती सुतळी बिलहुकवर, म्हणजे गाठ मारणाऱ्या चोचीवर, आडवी टाकते आणि तशीच पुढे नेऊन चकतीच्या पुढच्या खाचेत ठेवते. आता बिलहुकवर दोन पदर शेजारी शेजारी पडलेत, एक पहिल्यापासून चकतीत अडकलेला जुना आणि एक सुईने आत्ता आणलेला नवा. चकती थोडी फिरते आणि नवा पदरही दाबून धरते. म्हणजे तुम्ही म्हणता ती दोन टोकं इथे तयार झाली, अजून कापलेली नाहीत एवढंच.

मग बिलहुक एक पूर्ण गिरकी घेतो. त्याचा आकार पक्ष्याच्या चोचीसारखा, वरचा भाग पक्का आणि त्याची जीभ उघडणारी. गिरकीत दोन्ही पदर त्याच्याभोवती गुंडाळले जाऊन फास तयार होतो. गिरकी संपता संपता जिभेमागचा छोटा रोलर कॅमवर चढतो, जीभ उघडते आणि बिलहुक ते दोन्ही पदर चकतीच्या बाजूने तोंडात धरतो. जीभ मिटली की चाकू बिलहुक आणि चकतीच्या मधून जाऊन पदर कापतो. त्याच आर्मचा वायपर लगेच पुढे सरकून बिलहुकवरचा फास त्याच्या टोकावरून ओरबाडून काढतो, टोकं मात्र अजून जिभेत धरलेली असतात, त्यामुळे फास टोकांवरून सरकतो आणि टोकं फासातून आरपार ओढली जातात. झाली गाठ. ही काही वेगळी गाठ नाही, दोन पदर एकत्र धरून आपण साधी गाठ मारतो तीच.

कापल्यावर जुन्या पदराचा बारीक तुकडा चकतीत राहतो, तो पुढच्या फेरीत खाली पडतो, नॉटरखाली दोरीचे कपटे साचतात ते हेच. नवा पदर चकतीत धरलेलाच असतो, सुई खाली गेली की तीच सुतळी पुढच्या गठ्ठ्याची सुरुवात. म्हणजे प्रत्येक वेळी मशीन एक गठ्ठा संपवतं आणि त्याच क्षणी दुसरा सुरू करून ठेवतं, मोकळं टोक शोधायची त्याला कधी गरजच पडत नाही. मला यातली सगळ्यात मोठी अक्कल हीच वाटते, बिलहुकपेक्षाही.

पटत नसेल तर हातावर करून बघा. दोन दोऱ्या शेजारी धरा, टोकं कुणाला तरी घट्ट धरायला सांगा. तर्जनी आणि मधलं बोट जुळवून दोऱ्यांभोवती एक गिरकी मारा म्हणजे बोटांवर फास पडेल. बोटं थोडी उघडून टोकांच्या बाजूच्या दोन्ही दोऱ्या त्यात पकडा, आता टोकं सोडायला सांगा आणि दुसऱ्या हाताने बोटांवरचा फास पुढे सरकवून काढा. गाठ बसलेली दिसेल. बोटं ढिली धरलीत तर नुसताच फास निघून येईल आणि गाठ बसणार नाही, आणि नॉटरचे निम्मे दोष असेच असतात.

आता तुमचं दुखणं. सुटलेली सुतळी फेकू नका, सगळं तीच सांगते. कुठल्या टोकाला गाठ आहे ते बघा, जुन्या पदराला की सुईने आणलेल्या पदराला. गठ्ठ्याच्या वरच्या अंगावरून आलेला तो जुना, खालून प्लंजरच्या बाजूने वर चढलेला तो सुईचा. दुसरं म्हणजे साधं टोक सरळ कापलेलं आहे की पिंजलेलं, तेही बघा. हे दोन कळवा मग पुढचं बोलू. तोवर एकही नट फिरवू नका.

गिअरबॉक्स

वरचं छान सांगितलंय, एक भर घालतो. हे सगळं एकामागोमाग बरोबर वेळेला होतं कारण मागे एक मोठं गिअर असतं ज्याला पूर्ण घेरावर दात नसतात, ठरावीक तुकड्यांनाच असतात. नॉटरचा शाफ्ट एका गठ्ठ्यामागे एकच फेरा मारतो. त्या फेऱ्यात दातांचा तुकडा समोर येईल तेवढाच वेळ चकतीचं नाहीतर बिलहुकचं पिनियन, म्हणजे छोटं गिअर, फिरतं, एरवी ते सपाट भागावर टेकून जागच्या जागी लॉक राहतं, आणि त्याच गिअरच्या अंगावरच्या कॅमच्या खाचेने चाकूचा आर्म हलतो. म्हणजे सगळ्या क्रमाचा हुकूम एका लोखंडी तुकड्यात ओतून ठेवलाय. म्हणूनच कुणी ते पिनियन काढून एक दात इकडेतिकडे बसवलं की सुतळी कितीही चांगली असू दे, गाठ बसत नाही. काढायचंच असेल तर आधी खूण करून ठेवा.

जुनंलोखंड

कोणी शोधलं याचं उत्तर मी देतो, हा माझा आवडता विषय आहे.

कापणीयंत्र आधी आलं, बांधणी खूप उशिरा. सायरस मॅकॉर्मिकने अमेरिकेत व्हर्जिनियात १८३१ ला घोड्याने ओढायचं कापणीयंत्र चालवून दाखवलं, पेटंट १८३४ चं. पण कापलेलं पीक जमिनीवर पडायचं आणि मागून माणसं वाकून वाकून पेंढ्या बांधायची. कापणी झपाट्याने आणि बांधणी तशीच हाताने, त्यामुळे खरी अडचण कापणीतून सरकून बांधणीत आली. मार्श बंधूंनी १८५८ च्या पेटंटात त्यातली वाकण्याची मेहनत वाचवली, त्यांच्या यंत्रात कापलेलं पीक कॅनव्हासच्या पट्ट्यावरून वर टेबलाशी यायचं आणि दोन माणसं यंत्रावरच उभी राहून बांधायची. तरी गाठ हाताचीच.

त्याच १८५८ साली विस्कॉन्सिनमध्ये जॉन ॲपलबी नावाचा अठरा वर्षांचा पोरगा शेतावर काम करत होता आणि त्याने गाठ मारणाऱ्या चोचीचा नमुना लाकडातून कोरून काढला. पैसे नव्हते, पुढे अमेरिकेचं यादवी युद्ध लागलं, तो त्यात गेला, आणि यंत्र मागे पडलं. दरम्यान इलिनॉयच्या रॉकफर्डमध्ये जेकब बेहेलने १८६४ ला बिलहुकचं पेटंट घेतलं. त्याच रॉकफर्डचा मार्क्विस गोरहॅम, त्याने १८७४ च्या सुमाराला सुतळीने बांधणारं यंत्र चालवलं, आणि पेंढी पुरेशी जाड झाली की बांधणी आपोआप सुरू व्हावी ही सोय त्याची. म्हणजे एकट्या माणसाचं हे काम नाही, ॲपलबीने १८७८-७९ च्या पेटंटांत हे सगळे धागे जुळवून शेतात दिवसभर टिकेल असं यंत्र उभं केलं, श्रेय त्याला मिळतं ते त्यासाठी आणि ते रास्तच आहे.

मधली काही वर्षं तारेची गेली हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. १८७० च्या दशकात वॉल्टर वुड आणि मॅकॉर्मिक दोघांनीही तारेने पेंढी बांधणारी यंत्रं विकली, मॅकॉर्मिकचं चार्ल्स विदिंग्टनच्या रचनेवर होतं. तार पिळायला सोपी असते, दोन टोकं एकत्र पिळली की काम झालं, गाठीची भानगड नाही. पण मळणीनंतर तारेचे तुकडे भुशात राहायचे, गुरांच्या पोटात जायचे, धान्याबरोबर पिठाच्या गिरणीत जायचे आणि तिथे ठिणगी उडायची धास्ती. शेतकऱ्यांना तार नकोच झाली होती, आणि सुतळीचं अवघड यंत्र सोप्या तारेला हरवू शकलं ते यामुळे. विल्यम डिअरिंग या कापणीयंत्रांच्या कारखानदाराने ॲपलबीच्या यंत्रावर पैसा लावला आणि १८८० च्या हंगामासाठी तीन हजार यंत्रं बनवली, त्या काळी हा मोठा धोका होता. ती चालली आणि १८८१ ला मॅकॉर्मिकलाही ॲपलबीचंच लायसन घ्यावं लागलं. १९०२ मध्ये या दोन आणि आणखी काही कंपन्या एकत्र येऊन इंटरनॅशनल हार्वेस्टर झाली.

यंत्र आलं तरी सुतळी कुठून आणायची हाही प्रश्न होताच. नॉटरला सगळीकडे सारख्या जाडीची, एकेरी पदराची सुतळी लागते, जाडीत फरक पडला की बिलहुक धरत नाही. ती डिअरिंगने फिलाडेल्फियाच्या एडविन फिटलर या दोरखंडवाल्याकडून करून घेतली, मनिला हेंपची. पुढे मेक्सिकोतल्या युकातानमध्ये याच सुतळीच्या मागणीवर हेनेक्वेनचे, म्हणजे दोरीचा धागा देणाऱ्या घायपातासारख्या झाडाचे, मोठमोठे मळे उभे राहिले आणि मळेवाले गडगंज झाले, तिथे राबणाऱ्या माया मजुरांचे मात्र हाल हाल झाले, कर्जात अडकवून त्यांना मळ्यावर बांधून ठेवलेलं असायचं. सुतळीची गोष्ट सांगताना हे गाळू नये असं मला वाटतं.

बेलर त्याच्याही बरंच नंतरचा. आधी गवताच्या प्रेसवर माणसं बसून हाताने तार ओवायची आणि बांधायची, धुळीने जीव जायचा. शेतात चालता चालता गवत उचलून स्वतःच सुतळी बांधणारा बेलर पेनसिल्व्हेनियात एडविन नोल्टने केला आणि न्यू हॉलंड कंपनीने तो १९४० च्या सुमाराला बाजारात आणला. त्यातला नॉटर बघितला तर मूळ कल्पना तीच, चकती, बिलहुक, चाकू. तुमच्या बेलरवर जे आहे ते त्याच घराण्यातलं.

हिरवाचारा

बोटांचा प्रयोग केला, दोनतीन वेळा नुसता फास निघून आला आणि मग एकदम जमलं, आता डोक्यात पक्कं बसलं. सुटलेल्या सुतळ्या गोळा केल्यात. गाठ प्रत्येक वेळी जुन्या पदरालाच आहे, जो वरच्या अंगावरून येतो. सुईच्या बाजूचा पदर साधा, टोक सरळ कापलेलं, पिंजलेलं नाही. उद्या सकाळी उघडून हात घालून बघतो.

सांभाळून_रे

थांबा. हात घालायच्या आधी हे वाचा. पीटीओ (ट्रॅक्टरमधून बेलरला ताकद देणारा शाफ्ट) बंद, ट्रॅक्टर बंद, चावी काढून खिशात, आणि फ्लायव्हील, म्हणजे बेलरचं जड चाक, पूर्ण थांबेपर्यंत बेलरच्या अंगाला हात लावायचा नाही. फ्लायव्हीलमध्ये एवढा जोर साठलेला असतो की पीटीओ सोडल्यावरही तो फिरत राहतो, आणि तेवढ्यात तुमचा हात लागून ट्रिप सुटली तर सुया तुमच्या हाताची वाट न बघता वर येतात. बघायचं असेल तर ट्रॅक्टर बंद ठेवून ट्रिप हाताने सोडा आणि फ्लायव्हील हातानेच हळूहळू, चालायच्याच दिशेने फिरवा. एकाने फिरवायचं, दुसऱ्याने लांबून बघायचं, आणि बघणाऱ्याने बोट पुढे केलं तर फिरवणाऱ्याने आधी हात काढायचा. चाकू धारदार असतो आणि तो सावकाश फिरवतानाही तेवढंच कापतो.

पाना_पक्कड

वरच्यांचं शब्द न् शब्द पाळा.

तुमचं लक्षण आता स्पष्ट आहे. जुन्या पदराला गाठ बसते म्हणजे बिलहुक फिरतोय, जीभ धरतेय, वायपर काढतोय, तिकडचं सगळं ठीक आहे. सुईचा पदर गाठीत आलाच नाही. तो सरळ कापलाय म्हणजे चकतीत पोचला होता आणि चाकूने नीट कापला, पण बिलहुकवर जिथे पडायला हवा तिथे पडला नाही. चकतीची पकड ढिली असती तर तो ओढला जाऊन टोक पिंजलं असतं. तेव्हा चकतीचा स्प्रिंग आणि जिभेचा स्प्रिंग दोन्ही तसेच राहू द्या, नाहीतर चालणाऱ्या गोष्टी बिघडतील.

बघायचं ते सुई आणि सुईच्या शेजारचं छोटं बोट, जे सुतळीला आत ढकलून बिलहुकवर आणतं. हाताने फिरवताना सुई वर आली की थांबा आणि बघा, नवा पदर बिलहुकच्या अंगाला चिकटून जातोय की बाहेरून. उजवा नॉटर चांगला चालतोय ना, मग तोच तुमचा नमुना, आधी त्याचं बघा आणि मग डाव्याचं. सुईच्या नेढ्यात सुतळीने घासून खोल चर पडलाय का तेही बोटाने चाचपा, तिथे सुतळी एका कडेला जाऊन बसते. आणि डबा बदलून बघा, डावीकडची सुतळी उजवीकडे घाला. दोष सुतळीबरोबर उजवीकडे गेला तर सुतळी खराब, डावीकडेच राहिला तर नॉटर.

हिरवाचारा

सापडलं! तुम्ही सांगितलं तसंच हळूहळू फिरवून बघितलं, मुलगा फ्लायव्हीलवर आणि मी बॅटरी धरून लांब. उजवीकडे सुई आली की ते बोट आत येतं आणि सुतळीला बिलहुकच्या अंगाशी नेऊन टेकवतं. डावीकडे बोट येतं पण अलीकडेच थांबतं, सुतळी आणि बिलहुकमध्ये बोटभर फट राहते, बिलहुक फिरतो तेव्हा एकच पदर गुंडाळला जातो आणि दुसरा बाजूने तसाच निघून चकतीत जातो. बोट वाकलंय, मागे त्याला काहीतरी लागलेलं असणार. आणि सुतळी अदलाबदल केली तरी दोष डावीकडेच. बोट सरळ करावं की बदलावं?

पाना_पक्कड

बदलाच. सरळ केलेलं परत वाकतं, आणि गरम करून ठोकलं तर त्याचा कडकपणा जातो. बसवल्यावर उजव्याशी जुळवून बघा, हाताने एक फेरी फिरवून गाठ बसते का ते पाहा आणि मगच पीटीओ लावा. आणि तेवढं उघडलंच आहे तर बिलहुकवर बोट फिरवून बघा, गंज चढून खरखरीत झाला असेल तर बारीक पॉलिश पेपरने गुळगुळीत करा. खरखरीत बिलहुकवरून गाठ सुटत नाही, तिथेच अडकते आणि सुतळी तुटते. हंगाम संपल्यावर बिलहुकला, चकतीला ग्रीसचा पातळ हात द्यायचा आणि पुढच्या हंगामाला ते पुसून टाकायचं, ओलसर तेलकट चकतीत सुतळी घसरते.

नवीनशेती

मीही वाचतोय, माझा प्रश्न थोडा वेगळा आहे. आम्ही सिसलच्या (घायपाताच्या धाग्याच्या) सुतळीवरून प्लास्टिकच्या सुतळीवर आलो आणि तेव्हापासून टोकं पिंजून येतायत, गाठ काही वेळा बसतच नाही. आणि मोठ्या बेलरवर एका बाजूला दोन गाठी दिसतात त्या कशाला?

गिअरबॉक्स

प्लास्टिक म्हणजे पॉलिप्रॉपिलीन सिसलपेक्षा निसरडं असतं, त्यामुळे चकतीत तेवढ्याच दाबाने ते धरून राहत नाही, ओढलं जातं. चकतीची पकड थोडी वाढवावी लागते. पण पाव फेरा फिरवा, काही गठ्ठे बांधा, टोकं बघा, मग पुढचा पाव फेरा. जास्त आवळलंत तर चकतीतच सुतळी चिरडून तुटेल आणि टोक तेव्हाही पिंजलेलंच दिसेल, त्यामुळे कुठल्या बाजूने चुकतंय ते समजायला एकेक पाऊलच टाकावं लागतं. चाकूची धारही बघा, बोथट चाकू प्लास्टिक कापत नाही, ओढतो. एक विनंती, गठ्ठा सोडला की प्लास्टिकची सुतळी उचलून बाजूला ठेवा, चाऱ्यात सोडू नका, ती कुजत नाही आणि जनावराच्या पोटात गेली की तिथेच गुंतते. सिसलचा निदान तो त्रास कमी.

दोन गाठींचं असं आहे, साध्या नॉटरमध्ये सुतळी गठ्ठ्याच्या बाजूने सरकत सरकत भरली जाते, म्हणजे गठ्ठा भरत असताना चकतीतल्या टोकावर सतत ओढ असते. लहान गठ्ठ्याला ते चालतं. मोठ्या चौकोनी बेलरमध्ये, हेस्टन कंपनीने १९७८ ला ज्याची सुरुवात केली तसल्या, दाब एवढा की ते टोक धरूनच राहणार नाही. म्हणून तिथे एक सुतळी वरून आणि एक खालून येते, दोन्ही आपापल्या रिळातून लागेल तशी सुटत जातात. मग एक गाठ गठ्ठा बंद करायला आणि लगेच दुसरी गाठ वरची-खालची सुतळी एकमेकींना जोडून पुढचा गठ्ठा सुरू करायला. गठ्ठा भरत असताना नॉटरवर काहीच ताण नाही.

गोल बेलरमध्ये तर गाठच नसते. गोळा फिरतच असतो, सुतळी त्याच्यावर वेढे घेत जाते आणि शेवटी कापली जाते, घर्षणावरच धरून राहते, आणि नेट असेल तर दोनतीन वेढ्यांतच काम होतं. त्यामुळे गोल बेलरवाल्यांना नॉटरचा प्रश्न नसतो, पण शेवटचं टोक मोकळं राहतं ते गोळा उचलताना नीट बघून घ्यायचं.